आधी मोजा, मग डोळे मिटा

२०१९च्या दसऱ्याला फ्रान्समधल्या मेरिन्याक इथे पहिलं राफेल विमान भारताच्या ताब्यात आलं, तेव्हा संरक्षणमंत्र्यांनी त्यावर ॐ काढला आणि चाकांखाली लिंबं ठेवली गेली. २०२३च्या जुलैत चंद्रयान-३ उडायच्या आदल्या दिवशी इस्रोची मंडळी यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जाऊन आली. दोन्ही वेळा आपल्याकडे तोच वाद पेटला. एकीकडे संविधानाचं कलम ५१-क आणि वैज्ञानिक दृष्टिकोन, दुसरीकडे ‘श्रद्धेला हात लावू नका’. ब्रिटनमध्ये राहून हा वाद वाचताना वाटत राहतं, की दोन्ही बाजू लिंबापाशीच अडकून पडल्या आहेत. सहलीच्या बसचा टायर फुटल्यावर आतल्या ४९ जणांनी पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं आणि त्या पाच मिनिटांत प्रार्थना कुठे बसते, यावर कुणी बोलत नाही.

इथे हा प्रश्न नेहमी पडतो. मंडळं, देवळं, मशिदी, चर्च, गुरुद्वारे यांचे स्वयंसेवक एकत्र कोच भाड्याने घेऊन दिवसाच्या कामाला जातात. समुद्रकिनारा साफ करणं हे त्यातलं आवडतं काम. बर्मिंगहॅमहून निघून एम-५ मोटरवेने किनाऱ्यावरचं वेस्टन-सुपर-मेअर गाठायला दोन-अडीच तास लागतात. अशा सहलीत काहीतरी बिघडणार हे धरूनच चालावं.

पहिला घोळ निघतानाच होतो. आरती, प्रसाद, कुणाची वाट पाहणं यात चाळीस मिनिटं सहज जातात, आणि ‘तिकडे भरून काढू’ म्हणत बस सुटते. समुद्रावर वेळ भरून निघत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास जातात, पण पाणी सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. ब्रिस्टलच्या खाडीतली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. वेस्टनला उधाणाच्या दिवसांत चढ १२ मीटरच्या आसपास जातो. म्हणजे पहिल्या तासात पाणी एक मीटर चढतं आणि तिसऱ्या एकाच तासात तीन मीटर. सपाट किनाऱ्यावर ते चालत येत नाही, धावत येतं. म्हणून उतरत्या पाण्याबरोबर पुढे जायचं आणि ओहोटी पूर्ण व्हायच्या आत मागे फिरायचं. निघायला चाळीस मिनिटं उशीर झाला तर काम चाळीस मिनिटांनी कमी करायचं, परतायची वेळ पुढे ढकलायची नाही.

भरतीचं कोष्टक वाचतानाही चूक होते. काही कोष्टकं उन्हाळ्यातसुद्धा ग्रीनिच वेळेत छापलेली असतात, त्यांत मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर एक तास मिळवावा लागतो. काहींत तो आधीच मिळवलेला असतो. त्यात कुणी पुन्हा मिळवला, तर ओहोटी एकला असताना दोनला आहे असं समजून माणसं तासभर चढत्या पाण्यात काम करत राहतात. कोष्टकाच्या डोक्यावर काय लिहिलंय ते दोघांनी वेगवेगळं वाचून ताडून बघावं.

दुसरा घोळ मोटरवेवर. कोच हार्ड शोल्डरवर, म्हणजे कडेच्या थांबायच्या पट्टीवर, थांबला की सगळ्यांनी डाव्या दाराने उतरून कठड्यापलीकडे जायचं, जमलं तर उतारावर वर. मोटरवेवर धोक्याचा त्रिकोण लावायला जायचं नाही. मोबाइल बंद पडला असेल तर कडेच्या खुंट्यांवरचा बाण जवळचा तातडीचा फोन कुठल्या दिशेला आहे ते सांगतो. बसभोवती हात धरून उभं राहून प्रार्थना करण्याचा मोह इथेच होतो, आणि तो घातक आहे. शेजारून साठ-सत्तर मैलांच्या वेगाने गाड्या जात असतात. कठड्यापलीकडे पोचा, मोजा, फोन करा, मग खुशाल म्हणा. पोरं हरवतात तीही याच वेळी, कारण सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. म्हणून प्रार्थनेच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मोजणी, आणि एका काकांनी किंवा मावशींनी डोळे उघडे ठेवून उभं राहायचं. हे काम रडणाऱ्या लेकराला धरून बसण्याइतकंच सेवेचं आहे.

तिसरा घोळ चिखलाचा. वेस्टनला पाणी ओसरलं की मागे गाळ उरतो. त्यात गुडघ्यापर्यंत पाय गेला आणि झटक्याने ओढला तर तळव्याखाली पोकळी होते आणि ती पाय आणखी आत खेचते. मागे रेलून बसायचं, वजन पसरायचं आणि पाय हळूहळू हलवत राहायचं, म्हणजे बाजूने पाणी शिरतं आणि पकड सुटते. माणूस गाळापेक्षा हलका असतो, डोक्यापर्यंत बुडत नाही; भीती येणाऱ्या भरतीची. बाकीच्यांनी आत जायचं नाही. ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं. त्या वेळी मागे मोठ्याने नामजप सुरू असेल तर पलीकडच्या माणसाला ठिकाण ऐकूच येत नाही. रुतलेल्या माणसाशी मात्र एकाने सतत बोलत राहावं, आणि त्याची इच्छा असेल तर त्याच्याबरोबर त्याचीच प्रार्थना म्हणावी. त्याला विचारून, त्याच्या देवाची.

प्रार्थना इथे कामाची आहे असं मी मनापासून मानतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात रोझरी, म्हणजे कॅथलिकांची जपमाळ, आणि ‘ॐ मणि पद्मे’ हा मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला होता. घाबरलेल्या घोळक्याला एका लयीत आणणारं दुसरं इतकं सोपं साधन नाही. पण दूरची प्रार्थना परिणाम बदलते का, हेही तपासलं गेलंय. २००६च्या अमेरिकी अभ्यासात बायपासचे १,८०२ रुग्ण होते. नकळत प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, न झालेल्यांत ५१ टक्क्यांना, आणि ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होईल’ असं सांगितलेल्यांत ५९ टक्क्यांना. म्हणून जप म्हणणाऱ्याचा श्वास सांभाळेल, पाणी अडवणार नाही.

आपल्याकडे परदेशाचा दाखला देताना ‘तिकडे धर्म घरात ठेवतात’ असं ठोकून दिलं जातं. ते खरं नाही. लंडनच्या संसदेचं कामकाज रोज प्रार्थनेने सुरू होतं. डेव्हनमधल्या बिडफर्ड नगर परिषदेच्या सभेतली प्रार्थना २०१२ साली न्यायालयाने बेकायदा ठरवली, आणि २०१५ साली संसदेने कायदा करून इंग्लंडमधल्या परिषदांना ती मुभा दिली. इथेही वाद होतो, पण तो कामकाजात प्रार्थनेला जागा कुठे, यावर झाला. धर्मांनीही प्रसंगाप्रमाणे प्रार्थना जुळवून घ्यायची सोय आधीच केलेली आहे. प्रवासात चार रकतींची (आवर्तनांची) नमाज दोनवर येते, आणि काही परंपरांत दुपारची आणि तिसऱ्या प्रहरची एकत्र करता येते. आपल्याकडे आपद्धर्म आहेच. तो वापरायला कमीपणा वाटू नये.

माझं भांडण शेवटच्या प्रार्थनेशी आहे, परतीच्या बसमधल्या. ‘देवाच्या कृपेने सगळे सुखरूप’ म्हटलं की डोळे भरून येतात, आणि त्याच क्षणी दिवसभराचं पुस्तक मिटतं. कोष्टक कुणी चुकीचं वाचलं, मोजणी कुणी विसरलं, हे विचारणारा मग कृतघ्न ठरतो. आपल्याकडेही ‘देव तारी त्याला कोण मारी’ या मथळ्यानंतर पुढची ओळ येत नाही. फेब्रुवारी २०१६मध्ये मुरुडला पुण्याच्या कॉलेजची सहल गेली आणि मुलं बुडाली. लिंबावर जितकी शाई खर्च झाली, तितकी भरतीचं कोष्टक सहलीच्या कागदात असावं यासाठी झाली का? लिंबाची चेष्टा करणाऱ्यांनीही ते मागितलं नाही, पूजा करणाऱ्यांनीही नाही.

सहलीच्या कागदावर हे आधीच लिहून ठेवावं: ८:१० मोजणी, ८:१२ प्रार्थना, ८:१५ बस सुटेल. आणि परतताना, आभार मानायच्या आधी, अर्धं पान: किती वाजता, कुठे, काय झालं, त्या वेळी कोण कुठे होतं, पुढच्या खेपेला काय बदलायचं. ते मोठ्याने वाचून झालं, की मग हात जोडावेत.