एका स्टारवरचं आमचं म्हणणं

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी तीन आहेत: तुमच्या डॅम्परच्या (विजेने घट्ट होणारा द्रव भरलेल्या, धक्के शोषणाऱ्या पिस्टनच्या) टेस्टचा आलेख तुमच्या गणिती मॉडेलशी जुळला नाही, दुसऱ्या दिवशी हाय-व्होल्टेज सप्लाय सारखा ट्रिप होत राहिला, आणि ‘असलं नवीन तंत्र रत्नागिरीतल्या वर्कशॉपला झेपणारं नाही’.

तिसरी आधी घेतो, लगेच संपेल. विजेच्या दाबाने घट्ट होणाऱ्या द्रवाचं पेटंट विलिस विन्स्लो यांना १९४७ सालीच मिळालं. आमचं पोट मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी ट्रॉलरांच्या इंजिन माउंटिंगवर चालतं, हे मात्र खरं.

आता आलेख. तुम्ही बिंगहॅम मॉडेल घेतलंत. त्यात ठरावीक ताण येईपर्यंत द्रव हलतच नाही, आणि हलला की वेगाबरोबर बल सरळ रेषेत वाढतं. पिस्टन टोकाला जाऊन उलटा फिरला की या मॉडेलमध्ये बल एका क्षणात अधिकचं उणे होतं. खऱ्या डॅम्परात तसं होत नाही. विजेमुळे द्रवातल्या कणांच्या साखळ्या होतात, त्या तुटण्याआधी ताणल्या जातात, तेलही किंचित दबतं, म्हणून बल-वेग आलेखात जायची वाट एक आणि यायची दुसरी. १ हर्ट्झ आणि मध्यापासून दोन्हीकडे १० मिमी हालचाल, म्हणजे कमाल वेग सेकंदाला जेमतेम ६३ मिमी. टोकांपाशी तर वेग जवळजवळ शून्य, आणि बिंगहॅम तिथेच सर्वात कच्चं. मधल्या भागात तुमची रेष आणि आमचे बिंदू बऱ्यापैकी जवळ होते, ते तुम्ही लिहिलं नाहीत. बुक-वेन मॉडेल लावून बघा, जाण्या-येण्याच्या वेगळ्या वाटांचं ते वळण त्यात बसतं. शिवाय शून्य व्होल्टची फेरी रिपोर्टमध्ये आहे. त्या बलात सीलचं घर्षणही आहे, आणि तुमच्या मॉडेलमध्ये घर्षणाला जागाच ठेवलेली नाही.

बल-विस्थापन आलेखाच्या कोपऱ्यातली खाच मात्र कुठल्याच मॉडेलच्या माथी मारता येणार नाही. आत हवा अडकली होती. डॅम्पर तुम्ही भरून आणलात, पण मशीनवर चढवण्याआधी हवा काढून घेणं आमचं काम होतं. ते राहिलं.

ट्रिपिंगबद्दल तर आम्ही मान खाली घालतो. तुमचा द्रव सिलिकॉन तेलातला कॉर्नफ्लॉवरचा. इलेक्ट्रोडांमधली फट १ मिमी, व्होल्टेज २ किलोव्होल्ट, महिना जुलै, आणि बरणी रात्रभर आमच्या बाकावर झाकण न लावता राहिली. स्टार्चला थोडा ओलावा लागतोच, अगदी कोरडा केला तर परिणाम मंदावतो. पण जास्त झाला की द्रवातून करंट वाहायला लागतो, द्रव तापतो, आणि तापला की आणखी करंट. सप्लायने ट्रिप होऊन आपलं काम केलं. या दिवसांत आमच्या घरी हवाबंद डब्यातले पापडसुद्धा सर्दावतात, तरी ती बरणी कोणाच्या डोळ्यांत खुपली नाही. त्यात रिपोर्टवर द्रवाचं तापमान लिहायचं राहून गेलं. सलग फेऱ्यांत तेल गरम होऊन पातळ होतं, त्यामुळे पहिली आणि दहावी फेरी शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. हे तुम्ही विचारलं नाहीत, मीच सांगतोय.

दुसऱ्या दिवसाचे पैसे परत करतो. पूर्ण टेस्ट पुन्हा करायची असेल तर तीही फुकट, प्रत्येक फेरीचं तापमान लिहून. नवीन द्रव घट्ट झाकणाच्या डब्यात आणा आणि डॅम्पर रिकामा आणा, भरणं इथे दोघं मिळून करू. तेवढं गणपतीच्या आधी या. गणपतीत आमची सगळी पोरं गावाला असतात, मशीनला कुलूप असतं.