‘या ५ ओळी टाका, कोणतीही साइट पळते’ : नाही पळत भाऊ, एकेक ओळ पाहा

आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज लय फिरून रायला. म्हणते की कोणत्याही वेबसाइटला या ५ ओळी पेस्ट करा, साइट फास्ट होते, एरर जाते, मागचं समजून घ्यायची गरजच नाही: जीझिप ऑन (फाइल दाबून लहान करून पाठवणं), सगळ्या फोटोंना लेझी (गरज पडली तेव्हाच फोटो मागवणं), कॅशे एक वर्ष (पानाची कॉपी फोनमध्ये वर्षभर साठवणं), फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) अन् मोबाइलवर झूम बंद. आर्णी, दारव्हा, दिग्रसकडचे पोट्टे कृषी केंद्राच्या, जिनिंगच्या, शाळेच्या साइटी बनवतात, त्यांच्यासाठी हे लिहून रायलो.

जीझिपचं बरोबर आहे, अन् मराठी साइटला तर पाहिजेच, काहून की यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेते अन् इंग्रजीचं अक्षर १. पण एंजिनएक्समध्ये, म्हणजे पान पाठवणाऱ्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये, नुसतं ‘जीझिप ऑन’ लिहिलं तर फक्त एचटीएमएल (पानाचा मजकूर) दाबल्या जाते, सीएसएस (दिसणं) अन् जावास्क्रिप्ट (हालचाल) तशीच जाते. जीझिप टाइप्सची ओळ वेगळी लिहावी लागते. जेपीजी त्यात टाकू नका, ते आधीच दाबलेले असतात.

लेझी लोडिंग खालच्या फोटोंसाठी आहे. वरचा मोठा बॅनर, जो पान उघडल्याबरोबर दिसायला पाहिजे, त्याला लेझी लावला की ब्राउझर आधी मांडणी ठरवते, मग फोटो मागवते, म्हणजे नेमकं जे पहिले पाहिजे तेच उशिरा येते. त्या एका फोटोचं लेझी काढा अन् फेचप्रायोरिटी हाय करा, म्हणजे ब्राउझर तो पहिले मागवते. सगळ्या फोटोंना विड्थ-हाइट द्या, नाहीतर फोटो आला की मजकूर खाली उडी मारते.

आता कॅशे, यानंच सगळ्यात जास्त नुकसान होते. मॅक्स-एज, म्हणजे कॉपी किती सेकंद ठेवायची तो आकडा; ३१५३६००० म्हणजे पूर्ण वर्ष. समजा तुम्ही सोयाबीन-कापसाच्या भावाचं पान बनवलं अन् ही ओळ एचटीएमएललाही लागली, तर शेतकऱ्यानं सोमवारी पान पाहिलं अन् गुरुवारी तीच लिंक उघडली की फोन सर्व्हरला विचारतच नाही, सोमवारचाच भाव दाखवते, अन् तो माणूस त्या भावावर गाडी भरून मार्केटला जाते. सर्व्हरवर तुम्ही ओळ बदलली तरी त्याच्या फोनमधली जुनी कॉपी तुमच्या हातात नाही. एक वर्ष फक्त त्या सीएसएस-जावास्क्रिप्ट फाइलींना द्या ज्यांचं नाव प्रत्येक बदलासोबत बदलते, साइट तयार करणारं बिल्ड टूल नावात हॅश (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला कोड) टाकते तशा. एचटीएमएलला नो-कॅशे लिहा. नाव ऐकून गैरसमज होते, पण नो-कॅशे म्हणजे साठवू नको असं नाही, वापरायच्या आधी सर्व्हरला विचार असं आहे, अन् ईटॅग (पानाच्या आवृत्तीची खूण) जुळला तर सर्व्हर ३०४, म्हणजे ‘बदललं नाही’, सांगून मोकळा होते, पान परत पाठवत नाही, गावातल्या कमी रेंजमध्ये हेच पाहिजे. साठवूच नको असं पाहिजे असंल तर नो-स्टोअर, ते लॉगिनच्या आतल्या पानांना.

७७७ तर अजिबात नको. ४ वाचणे, २ लिहिणे, १ चालवणे, अन् तीन आकडे म्हणजे मालक, ग्रुप अन् बाकी सगळे. ७७७ केलं म्हणजे सर्व्हरवरच्या कोणालाही तुमच्या फोल्डरात लिहायची मोकळीक, गोडाऊनचं कुलूप काढून ठेवल्यासारखं. काही शेअर्ड होस्टिंगवर तर ७७७ दिसलं की उलट ५०० एरर (सर्व्हरची चूक) येते. फोटो अपलोड होत नसंल तर बहुतेक वेळा मालकी चुकलेली असते, ती चाऊननं, म्हणजे मालक बदलायच्या कमांडनं, नीट करा. फोल्डर ७५५, फाइल ६४४, बस.

झूम बंद करायची ओळ काहून टाकतात ते मला माहीत आहे, आयफोनवर फॉर्मच्या डब्यात बोट लावलं की पान आपोआप मोठं होते. पण त्यासाठी आपल्या आजोबांना, ज्यांना पेरणीची माहिती दोन बोटांनी मोठी करूनच वाचता येते, त्यांचं वाचणं बंद करायचं का? आयओएस १० पासून, म्हणजे २०१६ पासून, सफारी ही ओळ मानतच नाही, अँड्रॉइडवाल्यालाच त्रास होते. युजर-स्केलेबल नो (तीच झूम बंदची ओळ) काढा, व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे पान फोनच्या स्क्रीनला बसवायच्या ओळीत, डिव्हाइस-विड्थ अन् इनिशियल-स्केल १ एवढंच ठेवा अन् फॉर्मच्या इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेल करा, ते आपोआप मोठं होणं तिथंच थांबते.