वरून म्हणजे कुठून?

मंडळी, आज जरा मोठं लिहिणार आहे. डोकं अजून तापलेलंच आहे.

आईच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सकाळी तिला घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले होते. कुठलं ते लिहीत नाही, उद्या परत तिथेच काम आहे. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी अर्ज उलटापालटा केला आणि म्हणाले, "प्रतिज्ञापत्र लागेल. पाचशेच्या स्टॅम्पवर." म्हटलं, स्वयंघोषणापत्र जोडलंय की! तर म्हणे, "वरून आदेश आहे." आणि पेनानं वर दाखवलं. बैठी इमारत ती. वर नुसता पंखा, तोही बंद.

आता मला सांगा, आदेश म्हणजे काय? ज्याला क्रमांक आहे, तारीख आहे, खाली कुणाची तरी सही आहे, तो आदेश. शासन निर्णय काढून बघा, शेवटी ठरलेली ओळ असते : 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. म्हणजे कोण बोलतंय ते कळतं. परिपत्रक वेगळं, अधिसूचना वेगळी, ती राजपत्रात छापून येते. आपण सगळ्यालाच जीआर म्हणतो ते सोडा. पण 'वरून आदेश' हा कुठला प्रकार? त्याला ना आवक, ना जावक.

मोगलांचं बघा. बादशहाचं ते फर्मान, शहजाद्याचं ते निशान, आणि बादशहाच्या सांगण्यावरून वजिरानं लिहिलं तर हस्बुल हुकूम. कागदाचं नाव ऐकलं की कुणाचा शब्द आहे ते समजायचं. आणि आपल्या महाराजांची पत्रं! वर मुद्रा, आणि मजकूर जिथे संपला तिथे मोर्तब : 'मर्यादेयं विराजते'. इथे मर्यादा झाली, याच्या खाली कुणी एक ओळ घुसडायची नाही. शिक्कामोर्तब हा शब्द आपण उठसूट वापरतो, त्यातला मोर्तब तो हा. साडेतीनशे वर्षांपूर्वी ही काळजी घेत होते. आणि आज भाऊसाहेब पंख्याकडे पेन दाखवतात.

मार्च 2015 चा शासन निर्णय आहे हो. कायद्यानंच प्रतिज्ञापत्र मागितलं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर स्वयंघोषणापत्र पुरे. मोबाईलवर उघडून समोर धरला. "मोबाईलवरचं चालत नाही, आमच्याकडे प्रत आली पाहिजे." 2015 चा कागद अजून पोचायचाय! आणि तो वरचा आदेश कसा आला म्हणून विचारलं, तर शेजारच्या बाई पटकन बोलून गेल्या, "ग्रुपवर आलाय." साहेबांच्या व्हॉट्सॲपवरचं चालतं, माझ्या मोबाईलवरचं चालत नाही. लोकांच्या सोयीचा आदेश छापील असून पोचत नाही आणि गैरसोयीचा तोंडी असून क्षणात पोचतो. ऑक्टोबर 2024 मध्ये शंभरच्या स्टॅम्पचे पाचशे झाले, तो निर्णय बरा लगेच सगळ्या टेबलांवर पोचला!

बरं, मान्य. त्या भाऊसाहेबांचाही नाइलाज असेल. दोघांचं काम एकावर, साहेब फोनवर सांगणार, आणि उद्या चौकशी लागली की साहेब म्हणणार, मी कुठे म्हटलं होतं? माझे वडील कारकूनच होते. तोंडी सांगितलेलं काम ते आधी टिपणीत मांडायचे, साहेबांची सही घ्यायचे, मग पुढचं. त्यापायी बोलणीही खायचे. त्यामुळे त्या माणसावर ओरडताना मला फार बरं वाटलं नाही, हेही लिहून टाकते.

पण म्हणून गप्प बसायचं? हे लोण सगळीकडे पसरलंय. मेनरोडच्या मागच्या बोळात भिंतीवर रंगवलेलं असतं, 'येथे वाहने लावू नयेत, आदेशावरून'. कुणाच्या आदेशावरून? ज्याच्याकडे ब्रश त्याच्या! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा 'सर्व सभासदांना आदेश देण्यात येतो' म्हणून पाण्याच्या टाकीबद्दल मेसेज. अरे, तू सेक्रेटरी आहेस, विनंती कर ना! आणि पेपरवाल्यांना तर प्रत्येक हुकूम 'फतवा' वाटतो. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तीनं दिलेलं मत, हुकूम नव्हेच.

आई तिथे बाकावर बसून म्हणत होती, "दे गं पाचशे रुपये, संपव एकदाचं. माझे गुडघे दुखताहेत." तिचंही खरं आहे. बहुतेक लोक याच कारणानं देतात, आणि हे त्या टेबलाला पक्कं माहीत असतं. मी नाही दिले. तिला रिक्षात बसवून घरी आणलं, वाटेत ती माझ्याशी बोलली नाही.

आता अर्ज लिहिलाय : 'ज्या आदेशान्वये प्रतिज्ञापत्र मागण्यात येत आहे त्याचा क्रमांक व दिनांक लेखी कळवावा.' दोन प्रती काढल्यात, एकीवर पोच घेणार. 2015 चा शासन निर्णयही छापून जोडलाय, म्हणजे प्रत आली नाही म्हणायला नको. उद्या अकराच्या सुमाराला जाणार आहे, आईला न घेता. सीबीएस बसस्थानकाकडे कुणी येणार असेल तर कळवा, सोबत बरी पडेल. चहा माझ्याकडून.