‘पोटात दुखतंय’

मदरशाच्या वसतिगृहातलं माझं पहिलं वर्ष. मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज झाली की रोज पोट दुखायचं. उस्तादांनी पाण्यावर दम करून, म्हणजे दुवा पढून फुंकर घालून, पाजलं, गोळ्या दिल्या, रात्री उशाशी बसलेसुद्धा. माणूस प्रेमळ. पण दुखणं पोटाचं नव्हतंच. फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर, नवा सबक (पाठ केलेला धडा) ऐकवायचा, या धास्तीने आतडी पिळवटायची आणि अकरा वर्षांच्या पोराकडे त्यासाठी दुसरा शब्दच नव्हता.

निवासी मदरशांतल्या मुलांच्या मनाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, “ईमान पक्कं असेल तर डिप्रेशन येत नाही.” मग अकराव्या शतकातले थोर इस्लामी विद्वान इमाम गझाली, त्यांचं काय? 1095 मध्ये, बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत असताना त्यांची वाचा बसली, घास उतरेना, हकिमांनी हात टेकले. दुखणं मनाचं आहे, हे त्यांनी लपवलं नाही, स्वतःच लिहून ठेवलं. त्यांच्याही आधी अबू जैद अल-बल्खी या मुस्लिम विद्वानांनी कारण कळणारं दुःख आणि कारण न कळणारं दुःख वेगळं करून दाखवलं होतं. म्हणजे हे काही बाहेरून आणलेलं खूळ नाही.

आपल्याकडे मुहासबा, म्हणजे स्वतःच स्वतःचा हिशेब घेणं, आहेच. फक्त वसतिगृहात त्याचा गुन्ह्यांचा जमाखर्च होऊन बसतो. आज काय चुकलं, नमाजच्या किती रकाती (आवर्तनं) सुटल्या. माझं म्हणणं एवढंच, त्याआधी एक प्रश्न विचारायला शिकवा: आत्ता मला काय होतंय? राग, लाज, घरची आठवण की सबकाची भीती? आणि हे आधी उस्तादांनी स्वतःबद्दल बोलून दाखवावं, नाहीतर मुलं पाठ केल्यासारखी उत्तरं देतील. पाठांतरात ती तरबेज असतात!

जागतिक आरोग्य संघटना सांगते, 10 ते 19 वयातल्या दर सातांपैकी एकाला मानसिक विकार असतो. घरापासून लांब, पन्नास जणांच्या खोलीत तो एक कोण, हे ओळखणार कसं?

एक मात्र आहे. मोठी पोरं मारत असतील किंवा छडी चालत असेल, तर मुलाला ‘मनाकडे बघ’ म्हणणं ही शुद्ध लबाडी आहे. तिथे आधी छडी काढा. आणि मुलगा झोपेनासा झाला, जेवेनासा झाला, तर डॉक्टर गाठा. दुवा सोबत चालू राहू द्या.

माझा भाचा सध्या मदरशात राहून हिफ्ज करतोय, म्हणजे अख्खं कुराण पाठ करतोय. आठवड्याला पाच मिनिटांचा फोन मिळतो. परवा म्हणाला, “मामू, पोट नाही दुखत. भीती वाटतेय.” कशाची, विचारलं. मागे रांगेतली पोरं घाई करत होती. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग हलक्या आवाजात सांगायला लागला.