विरोध अवताराला नाही
शिक्षक नोकरीच्या भीतीने एआय अवतार, म्हणजे पडद्यावर शिकवणारा संगणकी शिक्षक, नाकारतात, हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं नाही. गोवंडीत मी पाचवीला गणित शिकवते. १/२ अधिक १/३ बरोबर २/५, असं निम्मा वर्ग लिहितो. अवतार न कंटाळता पुन्हा पुन्हा रीत समजावेल, तर मला तो हवाच आहे. पण चुकलेलं उत्तर हाताने झाकून बसलेली मुलगी त्याला दिसेल? शिवाय मुंबई पालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात. तमिळ, कन्नड माध्यमाच्या मुलांचं काय, यावर लेखात चकार शब्द नाही! शिक्षण हक्क कायद्याने (२००९) प्राथमिकच्या ६० मुलांमागे दोन शिक्षक ठरवलेत. आधी रिकामी पदं भरा, मग अवतार खुशाल आणा.