बत्तीस चौरस फुटांची शेती

माझ्या लहानपणी आमच्या सदाशिव पेठेतील दोन खोल्यांत एक दूरदर्शन संच होता आणि त्यावर एकच वाहिनी दिसत असे. सिंहगडावरच्या मनोऱ्यामार्फत मुंबई दूरदर्शन जे पाठवील ते आम्ही पाहत होतो. संध्याकाळी ‘आमची माती, आमची माणसं’ लागे. संच बंद करून पुन्हा लावला की पिक्चर ट्यूब लवकर जाते, असे वडिलांचे ठाम मत असल्यामुळे पुढच्या कार्यक्रमाची वाट पाहणाऱ्या आम्हा पोरांना तो कार्यक्रम पहिल्या नांगरटीपासून शेवटच्या फवारणीपर्यंत पाहावा लागत असे. आमच्या घराण्याच्या मालकीची जमीन म्हणजे तुळशीची एक कुंडी होती. तरीही वयाच्या आठव्या वर्षी मला बागायती आणि जिरायती यांतला फरक, कपाशीवरची बोंडअळी आणि भुईमुगाचा टिक्का रोग ही सर्व माहिती मुखोद्गत होती. इतरांची मुले पाहुण्यांपुढे श्लोक म्हणून दाखवीत. मी टिक्क्याची लक्षणे सांगत असे.

हे बी जवळजवळ पन्नास वर्षे जमिनीत पडून राहिले आणि मी निवृत्त झाल्यावर उगवले. कोथरूडमधील आमच्या सदनिकेला आठ फूट बाय चार फुटांची दक्षिणाभिमुख बाल्कनी आहे. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि आमच्या बरोबर खाली तळमजल्यावरच्या काकूंचे अंगण आहे. मार्चच्या अखेरीस मी पाच कुंड्या, कोकोपीट, गांडूळखत आणि संकरित टोमॅटोचे बियाणे आणले. रोपे हाताशी येईपर्यंत महिना गेला. या महिनाभरात मी दिवसाला तीन तास शेतीचे कार्यक्रम पाहिले. रोपांना रोज दहा मिनिटे दिली.

पहिला पेच पडला तो खताचा. संकरित टोमॅटोला हेक्टरी ३०० किलो नत्र (नायट्रोजन), १५० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि १५० किलो पालाश (पोटॅश), ही शिफारस मी वहीत उतरवून घेतली होती. आमच्याकडील कृषिविषयक कार्यक्रमांची गंमत अशी, की त्यांत सारे काही हेक्टरमध्ये चालते आणि समोर बसलेल्या माणसाकडे हेक्टर असणारच, हे गृहीत धरलेले असते. मी गणित मांडले. बत्तीस चौरस फूट म्हणजे सुमारे तीन चौरस मीटर, हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, तेव्हा माझ्या वाट्याला ९० ग्रॅम नत्र आले. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे १९५ ग्रॅम युरिया लागणार. हा आकडा मी दोनदा तपासला, त्याखाली रेघ मारली आणि मार्केट यार्डाकडच्या एका खताच्या दुकानात गेलो.

“क्षेत्र किती?” दुकानदाराने मान वर न करता विचारले.

“बत्तीस चौरस फूट.”

आता त्याने मान वर केली. “चौरस फुटांत फ्लॅट विकतात, काका.” मग त्याने शांतपणे सांगितले, की युरियाची गोणी ४५ किलोची येते, सुटा मिळत नाही आणि गोणी हवी असेल तर आधार कार्ड दाखवून यंत्रावर अंगठा उमटवावा लागेल. मी तिथल्या तिथे मनात भागाकार केला. वर्षाला दोन हंगाम घेतले, तरी ती गोणी मला ११५ वर्षे पुरली असती. अखेरीस शेजारच्या सोसायटीच्या माळ्याने वर्तमानपत्राच्या पुडीत दोन-तीन मुठी युरिया दिला. निम्मे नत्र लागवडीच्या वेळी आणि निम्मे हप्त्याहप्त्याने द्यावे, हेही वहीत होते. पण ते पानाच्या मागच्या बाजूस होते. मी स्वयंपाकघरातील काट्यावर पुरते १९५ ग्रॅम तोलले आणि पाच कुंड्यांत सारखे वाटून टाकले.

“अहो,” सौभाग्यवती दारात उभी राहून म्हणाली, “बाल्कनी बत्तीस फूट आहे, पण कुंड्या पाचच आहेत. उरलेलं खत फरशीचं होतं ना?”

दोन दिवसांत पानांच्या कडा करपू लागल्या. खताचा मारा झाला असेल तर भरपूर पाणी देऊन तो धुऊन काढावा, एवढे मला ठाऊक होते. मी दोन दिवस बादल्या ओतल्या. ते पाणी युरिया, गांडूळखत आणि मी मोठ्या हौसेने घरी केलेले, टोमॅटोच्या बियांसकट अर्धवट कुजलेले ओल्या कचऱ्याचे खत घेऊन बाल्कनीच्या पन्हळीतून खाली गेले. खाली काकूंची दोरी होती आणि दोरीवर काकांचे पांढरे झब्बे होते.

काकू भांडायला आल्या नाहीत. पुण्यात भांडणे हे शेवटचे पाऊल असते. त्याआधी चौकशी होते. एक झब्बा हातावर घेऊन, त्यावरचे चहाच्या रंगाचे थेंब माझ्याकडे करून त्या अत्यंत सौजन्याने म्हणाल्या, “तुमचं आवर्तन कोणत्या वारी सुटतं, तेवढं सांगून ठेवा. त्या दिवशी आम्ही धुणं आत वाळत घालू.” खडकवासला धरणाचे पाणी पुणे शहराला किती आणि कालव्याच्या आवर्तनाने, म्हणजे पाळीपाळीने सोडून, दौंड-इंदापूरच्या शेतीला किती, या वादात मी आजवर नळ चालू ठेवून सारा वेळ शहराच्या बाजूने बोललो होतो. त्या क्षणी मी एकाच वेळी धरण, कालवा आणि आरोपी झालो होतो.

स्वदेशी शिकवणीने असा घात केल्यावर मी विलायतेकडे वळलो. बीबीसीवर १९६८ सालापासून ‘गार्डनर्स वर्ल्ड’ नावाचा कार्यक्रम चालू आहे. हल्ली तो माँटी डॉन नावाचे गृहस्थ हर्फर्डशर परगण्यातील स्वतःच्या बागेतून सादर करतात. निळसर कोट, हातात खुरपे, मागे कुत्रा, आणि बोलणे असे की कुंडीतली माती उकरणे म्हणजे दुपारची वामकुक्षीच वाटावी. त्या बागेत हेक्टराचा उल्लेख नाही, आधार कार्ड नाही आणि मुख्य म्हणजे खाली काकू नाहीत. तिकडच्या माळ्यांना धास्ती असते ती दव गोठण्याची. मे महिन्यात तो धोका टळला, की टोमॅटोची रोपे काचघरातून बाहेर काढावीत आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या, उन्हाने तापणाऱ्या भिंतीशी लावावीत, असा त्यांचा परिपाठ आहे. दक्षिणेची भिंत म्हणजे विलायती माळ्याला घबाडच. माझ्याकडे तर आख्खी बाल्कनी दक्षिणेला होती! बाहेर ३९ अंश तापमान होते आणि दव गोठण्याचा धोका टळला आहे याविषयी माझ्या मनात शंका नव्हती.

मेच्या मध्यावर रोपांवर पिवळी फुले आली आणि त्याच आठवड्यात बाल्कनीतले ऊन नाहीसे झाले. आभाळ निरभ्र, रस्त्यावर डांबर मऊ पडलेले, आणि माझ्या कुंड्यांवर मात्र कवडसाही नाही. समोर कोणी इमारत उभी केली नव्हती. मग उलगडा झाला, तो वर्तमानपत्रातल्या शून्य सावलीच्या बातमीने. दरवर्षी १३ मेच्या सुमारास दुपारी सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो, हौशी मंडळी गच्चीवर बाटल्या आणि डबे उभे करून सावली गडप होताना पाहतात, आणि त्यानंतर थेट जुलैच्या अखेरीपर्यंत तो आमच्या उत्तरेला असतो. हर्फर्डशर बावन्न अक्षांशांवर आहे, तिथला सूर्य बारा महिने दुपारी दक्षिणेलाच असतो. पुणे साडेअठरावर आहे. म्हणजे विलायतेत ज्या दिवसांत दक्षिणेची भिंत सोन्याच्या मोलाची ठरते, नेमक्या त्या दिवसांत माझ्या दक्षिणेच्या बाल्कनीकडे सूर्याने पाठ फिरवलेली असते. आमच्याकडचे ऊन त्या काळात संडासाच्या खिडकीत येते. मी तिथे एक कुंडी ठेवूनही पाहिली. परंतु घरातील लोकमत प्रतिकूल होते.

ऊन नाही, रात्रीसुद्धा उकाडा, त्यात पोटात जरुरीपेक्षा जास्त नत्र. रोपे हिरवीगार होऊन कमरेपर्यंत वाढली आणि फुले एकेक करून देठासकट गळाली. फुले येऊन फळ न धरलेल्या झाडाविषयी माँटी डॉन यांनी एका भागात हळहळ व्यक्त केली, तेव्हा मला भरून आले. पण पुढच्याच दृश्यात ते टोपलीभर टोमॅटो तोडत होते. त्यांच्या दोन दृश्यांमध्ये जो काळ जातो, तो मी कुंडीशेजारी स्टुलावर बसून काढला होता.

जून-जुलै पावसात गेला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दाराची घंटा वाजली. दारात काकू होत्या. ‘आवर्तन’ पुन्हा सुटले की काय, म्हणून मी पन्हळीकडे धावणार होतो, तोच त्यांनी स्टीलचा डबा पुढे केला. डब्यात सात टोमॅटो होते. घट्ट, तांबडे, एकाच्या देठाशी अजून पान चिकटलेले.

“धुण्याच्या दोरीखाली आपोआप उगवलं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या पन्हळीचं पाणी पडतं ना, तिथेच. मी तर काहीच केलं नाही. आमच्याकडे टीव्हीवर फक्त मालिका लागतात.” त्यांनी थोडे थांबून आवाज खाली आणला. “खरं सांगा, खत काय घातलं होतंत?”

“हेक्टरी तीनशे किलो नत्र,” मी म्हणालो आणि डबा रिकामा करायला आत गेलो.