कोमारोव्ह रडत, शिव्या देत कोसळले नव्हते

समाजमाध्यमांवर एक गोष्ट पुन्हा पुन्हा फिरते. एप्रिल १९६७ मध्ये ‘सोयुझ १’ या यानातून आपण जिवंत परतणार नाही हे सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमीर कोमारोव्ह यांना ठाऊक होतं, नकार दिला तर राखीव असलेल्या युरी गागारिनना पाठवतील, म्हणून मित्रासाठी ते गेले, उड्डाणाच्या दिवशी गागारिन अंतराळपोशाख मागत धावून आले, आणि शेवटी कोमारोव्ह संतापाने रडत, नेत्यांना शिव्या देत जमिनीवर आदळले, त्याचं ध्वनिमुद्रण अमेरिकनांकडे आहे.

यान तयार नव्हतं, एवढं यातलं नक्की खरं. त्याआधीच्या तिन्ही मानवरहित चाचण्या फसल्या होत्या. नोव्हेंबर १९६६ मध्ये ‘कॉसमॉस १३३’ परतीच्या वाटेवर नष्ट करावं लागलं. डिसेंबरमध्ये रॉकेट प्रक्षेपणतळावरच जळालं. फेब्रुवारी १९६७ मध्ये ‘कॉसमॉस १४०’च्या उष्णतारोधक तळाला भोक पडलं आणि ते गोठलेल्या अरल समुद्रात उतरून बुडालं. तरीही माणूस पाठवला. हा निर्णय अक्षम्य होता आणि त्यावर कितीही कठोर बोलावं. पण धोका पत्करणं वेगळं आणि मरण ठरलेलं असणं वेगळं.

पोशाखाची गोष्ट तर तपशिलातच कोसळते. कोमारोव्ह यांनी दाबयुक्त पोशाख घातलेलाच नव्हता. त्या काळी सोयुझमधून पोशाखाशिवायच उडत. १९७१ मध्ये ‘सोयुझ ११’चे तिघे अंतराळवीर यानातली हवा निसटल्याने मरण पावले, तेव्हा ही पद्धत बदलली. १९६७ च्या मोहिमेत पोशाख लागणार होते ते ‘सोयुझ २’मधल्या येलिसेयेव्ह आणि ख्रुनोव्ह यांना. ते दोघे यानाबाहेरून ‘सोयुझ १’मध्ये येणार होते.

रडण्याचा दावा १९७२ सालचा. नॅशनल सिक्युरिटी एजन्सी या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या एका माजी विश्लेषकाने एका मासिकाला तो सांगितला, आणि पंतप्रधान कोसिगिन व कोमारोव्ह यांच्या पत्नी यांच्याशी शेवटचा संवाद झाल्याचंही तोच म्हणाला. आता घटनाक्रम पाहा. २३ एप्रिलला कक्षेत गेल्यावर डावा सौरफलक उघडलाच नाही, वीज अपुरी पडली, दिशा ठरवणारे संवेदक बिघडले. ‘सोयुझ २’चं उड्डाण रद्द झालं. स्वयंचलित पद्धतीने परतण्याचा प्रयत्न फसला. मग नियंत्रण केंद्राने सुचवलं: उजेडाच्या बाजूला असताना यान हाताने वळवायचं, सावलीत शिरण्याआधी ते दिशा स्थिर ठेवणाऱ्या जायरोस्कोपांच्या ताब्यात द्यायचं, बाहेर आल्यावर दिशा पुन्हा तपासून दुरुस्त करायची आणि मग इंजिन पेटवायचं. एकट्या कोमारोव्ह यांनी लंगड्या यानात हे सगळं जमवलं. अभियंते बोरिस चेर्तोक यांच्या आठवणींनुसार, त्यानंतरही त्यांचा आवाज शांत होता.

म्हणजे परतीचं सगळ्यात अवघड काम पार पडलं होतं. पॅराशूट फसलं ते त्यानंतर, जमीन अवघ्या काही मिनिटांवर असताना. तेवढ्या वेळात पत्नीशी निरोपाचं बोलणं, पंतप्रधानांचा संदेश, शिव्याशाप हे सगळं कुठे बसवायचं? मला या पोस्टचा राग येतो तो इथेच. तिने एका निष्णात वैमानिकाचं कौशल्य पुसून टाकलं आणि जागी ठेवला एक किंचाळणारा बळी.

‘सौरफलकामुळे मेले’ हेही वारंवार वाचायला मिळतं. खरा दोष होता पॅराशूटच्या पेटीत. लहान पॅराशूट बाहेर आलं, पण पेटीत घट्ट अडकलेलं मुख्य पॅराशूट त्याला ओढून काढता आलं नाही. राखीव पॅराशूट सुटलं, पण आधीचं लहान पॅराशूट वर तसंच जोडलेलं राहिल्याने ते फुललं नाही. २४ एप्रिलला ओरेनबुर्ग भागात यान ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने आदळलं आणि पेटलं.

आणि या पोस्टमध्ये कधीच न येणारी गोष्ट: ‘सोयुझ २’ची पॅराशूट-व्यवस्थाही तशीच होती. ‘सोयुझ १’चा सौरफलक नीट उघडला असता तर दुसऱ्या दिवशी बिकोव्स्की, येलिसेयेव्ह आणि ख्रुनोव्हही त्याच दोषासह वर गेले असते. पुढे पेटीचा आकार शंकूसारखा केला, तिच्यात जागा वाढवली, आतला पृष्ठभाग गुळगुळीत केला. ऑक्टोबर १९६८ मध्ये ‘सोयुझ ३’मधून गिऑर्गी बेरेगोवोय गेले आणि सुखरूप उतरले.